हलकं हाय

थावरूकाकांना काहीही उचलायला सांगा, वस्तूला हात लावायच्या आधी ते म्हणायचे, “हलकं हाय.”

माझ्या लग्नात सासुरवाडीहून लोखंडी कपाट आलं. टेम्पोवाल्यानं ते जिन्याच्या पायथ्याशी उतरवलं, आणि बरोबर आलेले दोन हमाल जिना पाहून चहा प्यायला गेले ते परतलेच नाहीत. थावरूकाका आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, कशाला तरी आले होते. त्यांनी कपाटाभोवती एक चक्कर मारली, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी त्यावर थाप मारली आणि म्हणाले, “हलकं हाय की. ह्याला दोन मानसं कशाला लागतात?” डोक्याचा पटका सोडून त्याची चुंबळ केली, दोर मागितला, कपाट पाठीवर घेतलं आणि वर नेलं. मागून मी हात लावून होतो. तो हात कपाटाला आधार देत होता की मला, हे सांगता येणार नाही. कपाट जागेवर टेकल्यावर काका वरच्या पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. माझ्या बायकोनं, नव्या नवरीनं, पाणी आणून दिलं आणि विचारलं, “दमलात का काका?”

“दमायला काय झालं? हलकं तर व्हतं.”

हे सांगताना पेल्यातलं निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं.

मी हिंगोलीच्या हळद बाजारात मापाडी आहे. पोतं काट्यावर ठेवायचं, आकडा वाचायचा, मोठ्यानं सांगायचा, एवढंच माझं काम, आणि ते मी चोख करतो. ‘असंल पन्नासेक किलो’ असं कोणी म्हटलं की मला चैन पडत नाही. त्यामुळे काकांचं ‘हलकं’ मला फार दिवस छळत होतं. पुढे पुढे मी लक्ष ठेवू लागलो. जे काही ते उचलत आणि मला नंतर मोजता येई, त्याचं वजन मनात ठेवायचो. भुशाचं गाठोडं हलकं असायचं. पन्नास किलोचं पोतं हलकं असायचं. सत्तरचंही हलकंच. नव्वदच्या पुढे कधीतरी ते म्हणायचे, “बराबर हाय.” त्याच्या वर त्यांच्याकडे शब्दच नव्हता. ‘जड’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

एकदा विहिरीवर मी विचारलं, “काका, तुम्ही जड का म्हणत नाही?”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जसं काही कोणी ऐकत होतं. मग म्हणाले, “आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख हिंडले. बैलाला सारं समजतं बाबा. त्याच्यापुढं तो शब्द काढला की बैल बसतो. एक बसला की मागचा बसतो. सारा तांडा अडकला मंग रानात. म्हनून काढायचाच न्हाई.”

“पण आता बैल कुठे आहेत?”

“बैल गेले. वझं हाय ना.”

दिसायला ते काही पहिलवान नव्हते. बारीक, उंच, गुडघे थोडे बाहेर वळलेले. उजव्या खांद्यावर मात्र बैलाच्या मानेवर असतो तसा घट्टा होता आणि त्यावर मुंगी चढली तरी त्यांना कळत नसे. आबा ओसरीवर पेपर मोठ्यानं वाचत. एकदा त्यांनी वाचलं, ‘मंत्रिमंडळात खांदेपालट’. काका सुपारी कातरायचे थांबले.

“त्याईच्या खांद्यावर काय हाय, आबा?”

“काही नाही रे. आपलं म्हणायचं.”

“मंग पालटून काय करून राहिले?” असं म्हणून ते स्वतःच इतके हसले की ठसका लागला.

आमचं शेत औंढ्याकडच्या डोंगराच्या पायाशी आहे. थोडं वर काकांचा तांडा, आणि तांड्यामागची खिंड ओलांडली की पलीकडे खोल दरा. दऱ्यात पळस, साग आणि रानडुकरं. डुकरं दिवसा तिथं असत आणि अंधार पडला की आमच्या हळदीत. डुक्कर मारणं तेव्हाही गुन्हाच होता. हे आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही. तरीही वर्षातून दोन-तीनदा तांड्यातली माणसं कुत्री आणि भाले घेऊन दऱ्यात उतरत. आम्ही डोळ्यांवर कातडं ओढून बसत असू, आणि मागची एक तंगडी आमच्या घरी येत असे.

काकांनी स्वतः कधी भाला मारला नाही. त्यांचं काम नंतर सुरू व्हायचं. “मारनारे लई असतात,” ते म्हणायचे, “आननारे कमी.” दऱ्यातून वर यायला धड वाट नव्हती. डुक्कर तिथंच साफ करायचं, चार भाग करायचे, पळसाच्या पानांत बांधायचे आणि एकेकानं आपला भाग पाठीवर आणायचा, ही त्यांची रीत. वाटेत मटणाचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे. कोणी ‘आज रस्सा’ म्हणाला की ते मागे वळून म्हणायचे, “आधी चढ खा. रस्सा मंग.”

कधी मोठ्या घरचं लग्न असलं आणि डुक्कर अख्खं न्यायचं असलं तर ते बांबूला टांगून दोघांनी आणायचं. पुढे काका, मागे त्यांचा धाकटा भाऊ मेरू. मेरू माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. त्याला मी नावानंच हाक मारायचो. तो गप्प स्वभावाचा, पण रागीट होता. काकांना तो ‘भिया’ म्हणायचा, म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. चढावर ओझं मागे सरकतं आणि मागच्याच्या अंगावर येतं. पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून पुढच्यानं प्रत्येक वळणावर विचारायचं, “कसं हाय?” मागचा “हलकं” म्हणाला की चालत राहायचं. “बराबर” म्हणाला की पुढच्या सपाट जागी अदलाबदल करायची. आणि मागचा काहीच बोलला नाही, तर जिथं असाल तिथं, तेव्हाच, बांबू खाली ठेवायचा. तोंडानं तो शब्द म्हणायचा नाही, म्हणून गप्प राहून म्हणायचा. त्यांच्या बापानं दोघांना तसंच शिकवलं होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

त्या वर्षी एका एकुलग्या, कळप सोडून एकट्यानं हिंडणाऱ्या नरानं आमची हळद उकरून काढली होती. आबा चिडले होते. तांड्यातली माणसं दऱ्यात निघाली तेव्हा ते काकांना म्हणाले, “थावरू, तुकडे करू नको. अख्खं आण. माझ्या हळदीत कोण लोळत होतं त्याचं तोंड मला पाहू दे.” काकांनी क्षणभर खिंडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “आनतो की.” मी शेजारीच उभा होतो. अख्खं आणणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही.

मेरूला त्या दिवशी जायचं नव्हतं. आदल्या दिवशी पोती वाहून त्याची कंबर धरली होती आणि त्याच्या बायकोनं, जमनाबाईनं, नको म्हटलं होतं. काका सगळ्यांच्या समोर म्हणाले, “बाईला इचारून ये. तिनं सोडलं तर ये, न्हाई तर चूल फुकत बस.” लोक हसले. मेरू उठला, भाल्यांतून वाट काढत सर्वांच्या पुढे गेला, आणि त्यानंतर दिवसभर भावाशी एक अक्षर बोलला नाही.

मी दुपारी खिंडीच्या माथ्यावर जाऊन बसलो होतो. बरोबर गावातली आणखी माणसं होती. खालून ते दोघे येताना दिसले, मध्ये बांबूला लटकलेलं ते धूड. बरंच खाली होते. आवाज मात्र दऱ्यात स्वच्छ येतो. काकांनी एका वळणावर विचारलं, “कसं हाय?” मागून उत्तर नाही. काका थबकले. पुन्हा विचारलं, “कसं हाय रं?” उत्तर नाही. मग काका म्हणाले, आणि हे आम्ही वरच्या सगळ्यांनी ऐकलं, “रुस. घरी जाऊन रुस.” आणि पाऊल पुढे टाकलं.

पुढच्या वळणाआधीच मेरू खाली बसल्यासारखा झाला. बांबू सुटला, डुक्कर त्याच्या अंगावर आलं आणि माणूस आणि डुक्कर मिळून एका खडकापर्यंत घसरत गेले. तो ओरडला नाही. काका नंतर मला म्हणाले, “दत्ता, माझा खांदा हलका झाला. एकदम हलका. तवा मला कळलं.”

मेरूला घोंगडीत घालून वर आणला, आमच्या जीपमधून हिंगोलीला, तिथून नांदेडला. कंबरेचं हाड मोडलं होतं आणि मणकाही दुखावला होता. जीव वाचला, पण दोन काठ्यांशिवाय तो पुन्हा उभा राहिला नाही, आणि आता गेली काही वर्षं काठ्यांनीही नाही.

डुक्कर संध्याकाळी दुसऱ्या चौघांनी आणलं. अख्खं. आबांनी त्याचं तोंड पाहिलं. वाटे पडले. आमच्या घरी मागची तंगडी आली, शिजली आणि मी जेवलो. मटण चांगलं झालं होतं, हे मला अजून आठवतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण न लिहिणं खोटं होईल.

मेरूचा वाटा काकांनी त्याच्या घरी नेला. जमनाबाई दारात उभी होती. म्हणाली, “मटन देऊन कंबर येती का, भाऊजी?” मग तिनं पातेलं पुढे केलं, कारण घरात खाणारी तोंडं होती.

त्यानंतर काका दऱ्यात गेले नाहीत. भावाच्या घरचं सगळं ओझं मात्र त्यांनी आपल्याकडे घेतलं. दळण, जळण, खताची पोती, आणि रोज सकाळी तांड्याखालच्या बोअरवरून दोन कॅन पाणी. पुढे तांड्यात नळ आला, जमनाबाईच्या दारातच तोटी बसली. काका तरी पाणी आणतच राहिले. ती म्हणायची, “भाऊजी, नळ वाहून राहिला, पाहा.” ते म्हणायचे, “नळाचं गरम असतं.” हिवाळ्यातही हेच म्हणायचे.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. मेरू त्या वळणावर गप्प का राहिला, ते कळायला हवं होतं. रुसून गप्प राहिला असेल तर तो दोघा भावांचा वेडेपणा. पण ओझं झेपत नव्हतं म्हणून गप्प राहिला असेल, तर त्यानं बापानं शिकवलेल्या रीतीनं बरोबर सांगितलं होतं, आणि काकांनी ऐकूनही पाऊल पुढे टाकलं होतं. मेरूला विचारलं की तो मान फिरवून म्हणायचा, “सोड ना भिया, आता काय त्याचं.”

मग ते मला विचारायचे. मी माथ्यावर होतो ना. शेतात भेटले, बाजारात भेटले, माझ्या पोरीच्या लग्नात जेवायला बसले, तरी मध्येच आवाज खाली आणून, “दत्ता, तू वरून पाहत व्हतास. त्याचं तोंड कसं व्हतं? रागाचं व्हतं का तकलीफेचं?”

मी म्हणायचो, “काका, फार लांब होतं. तोंड दिसलं नाही.” तेच खरं होतं. दुसरं काही सांगता आलं असतं का, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या शिवारात डुकरांनी पुन्हा उच्छाद मांडला. आता दिवस बदलले आहेत. रीतसर अर्ज झाला, परवानगी आली, बंदूकवाला आला आणि दऱ्याच्या तोंडाशी एक डुक्कर मारलं गेलं. ते गाडीरस्त्यापर्यंत आणून, पंचांसमोर पुरायचं होतं. वाहायला माणूस हवा होता आणि काका तिथंच बघत उभे होते. सत्तरीला टेकले होते. मी नको म्हणत होतो.

“पुरायचं?” त्यांनी विचारलं. “खायचं न्हाई त मारलं काहून?”

“पिकासाठी, काका.”

“मंग हे वझं कोनाचं म्हनायचं?”

त्यांनी खांद्यावर पटका ठेवला आणि बांबूचं मागचं टोक धरलं. पुढे हिंगोलीहून आलेला एक जाडजूड मजूर होता. पहिल्याच झटक्याला तो म्हणाला, “बाप रे, जड आहे राव!”

मला वाटलं काका आता चिडतील. त्यांनी ताबडतोब बांबू खाली ठेवला. मजुराला वाटलं आपलं चुकलं. काका म्हणाले, “ठिव, ठिव. थांब जरा.” पुन्हा उचललं. वीसेक पावलांवर तो पुन्हा म्हणाला, “जड आहे.” काकांनी पुन्हा ठेवलं. एवढ्याशा अंतराला आम्हाला इतका वेळ लागला की पंच वैतागले. बंदूकवाला म्हणाला, “आजोबा, असं केलं तर इथंच मुक्काम करावा लागेल.” काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मजुराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तू बोलत ऱ्हाय बाबा. वाटलं की बोल. गप ऱ्हाऊ नको.”

यंदा हळद काढणीआधी मजूर बघायला मी तांड्यात गेलो होतो. मेरू दारापुढे बाजेवर बसला होता. केस पिकलेले, पायांवर चादर. जमनाबाईनं चहा ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मेरू एकदम म्हणाला, “तुला अजून इचारतो का रं भिया? माझ्या तोंडाचं?”

“विचारतात.”

त्यानं पायांवरची चादर वर ओढली. “रुसलोच व्हतो मी. कंबर दुखत व्हती, व्हय. पन वझं रोजच्यासारखंच व्हतं. त्याचा आवाज आला मला, दोन्ही डाव आला. म्हनलं, देतच न्हाई जा जबाब. बायकोवरनं लोकायपुढं हासलास ना? मंग पायाखालचा धोंडा सरकला. एवढंच झालं.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“पयले राग व्हता. मंग लाज वाटली. आन मंग तो रोज यायला लागला. लहानपनी कधी माझ्यापाशी दोन घटका बसला न्हाई. आता रोज येतो, बसतो, चहा पेतो. सांगितलं आन यायचाच बंद झाला त?”

आतून जमनाबाई म्हणाली, “मानूस म्हातारा झाला त्याच्यात. सांगा आज. न्हाई तर मी सांगते.”

तेवढ्यात काका आलेच. डोक्यावर दळणाचा डबा. मी पुढे झालो तर म्हणाले, “राहू दे, हलकं हाय.”

मेरू म्हणाला, “भिया, बस. दत्ता बी हाय. त्या दिवशी चढावर मला जड झालं नव्हतं. मी रुसलो व्हतो.”

तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. काकांनीही बहुधा पहिल्यांदाच. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांच्या बोळक्या तोंडावर हसू आलं, मायेचं.

“पाह्य दत्ता. कंबर गेली गड्याची, पन बापाची बोली न्हाई सोडली. अजून हलकंच म्हनून राहिला.”

“न्हाई भिया, खरंच सांगतो. जड नव्हतं.”

“व्हय. नव्हतं. आपल्यात जड कोन म्हनतं?” त्यांनी मेरूच्या पायावरची चादर सारखी केली, दाराजवळचे दोन रिकामे कॅन घेतले आणि उतार उतरू लागले. जमनाबाई नळाबद्दल काही बोलली नाही.

मेरू माझ्याकडे बघत होता. “तू जा. तू मापाडी हायस. तुझं खरं मानंल तो.”

मी मागे गेलो. बोअरवर काका कॅन भरत होते. मी म्हणालो, “काका, मेरू खरं बोलून राहिला. तो रुसला होता.”

त्यांनी पाणी बंद केलं. उकिडवं बसून झाकणं घट्ट लावली. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, “तू वरून पाहत व्हतास. तुला दिसलं व्हतं का त्याचं तोंड?”

खालून वर बघणारे त्यांचे डोळे पाणावलेले होते, वयानं म्हणा किंवा कशानं. एक शब्द पुरला असता. ‘दिसलं’, एवढाच.

“नाही,” मी म्हणालो.

काकांनी मान हलवली, दोन्ही कॅन उचलले आणि चढाला लागले.